भूमध्य समुद्राकाठची जुनी शहरे आणि कॅम्परव्हॅन: हा मेळ बसतो का?

मृगनक्षत्र | ११ जानेवारी

नमस्कार मंडळी.

माझे यजमान मार्चअखेरीस निवृत्त होत आहेत. मी स्वतः बावीस वर्षे शाळेत इतिहास-भूगोल शिकवून गेल्या वर्षी मोकळी झाले. फळ्यावर भूमध्य समुद्राची किनाररेषा इतक्या वेळा काढली आहे की इटलीचा बूट मला डोळे मिटूनही काढता येईल, पण त्या समुद्राचे पाणी अजून पायाला लागलेले नाही. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून ४५ दिवस आम्ही दोघांनीच जायचे ठरवले आहे. बार्सिलोनाहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने नार्बन, मार्सेय, नीस, जेनोवा आणि पिसा करत नेपल्सपर्यंत, असा साधारण मार्ग डोक्यात आहे.

यजमानांना गाडी चालवण्याची मनापासून आवड असल्याने त्यांची इच्छा कॅम्परव्हॅन भाड्याने घेण्याची आहे. रोज बॅगा भरा आणि उपसा हा ताप नाही, घरचे जेवण मिळेल, मनात येईल तिथे एक दिवस जास्त राहता येईल, हे त्यांचे म्हणणे मला पटते. माझी शंका वेगळी आहे. मला जी शहरे पाहायची आहेत ती दोन-अडीच हजार वर्षांची आहेत आणि त्यांच्या गल्ल्यांतून दोन माणसे जेमतेम शेजारी चालू शकतात. तिथे सहा मीटर लांबीचे घर घेऊन आम्ही करणार काय? ज्यांनी असा प्रवास केला असेल त्यांनी खर्चापेक्षाही या मुद्द्यावर लिहावे, ही विनंती.

चाकोरीबाहेर | ११ जानेवारी

आम्ही उभयता स्टुटगार्टजवळ राहतो आणि गेली नऊ वर्षे दर वसंतात व्हॅन घेऊन दक्षिणेकडे जातो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे आहे की मेळ बसतो, मात्र व्हॅन शहरात न्यायचीच नाही, हे घरातून निघतानाच ठरवले पाहिजे. व्हॅन हे तुमचे बिऱ्हाड आहे, वाहन म्हणून ती फक्त दोन मुक्कामांच्या मधल्या रस्त्यासाठी आहे. शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर, पण रेल्वे स्थानकाच्या किंवा बसथांब्याच्या चालत अंतरावर तळ टाकायचा आणि सकाळी डबा-पाणी घेऊन शहरात जायचे. जेनोवाला आम्ही पश्चिमेच्या पेगली उपनगराकडे राहतो आणि लोकल गाडीने जुन्या शहरात उतरतो. ला स्पेत्सियाला व्हॅन ठेवून चिंक्वे तेर्रेची पाचही गावे रेल्वेने करतो. पोंपेईला तर उत्खननाच्या पोर्ता मरीना प्रवेशद्वारासमोरच कॅम्पिंग आहे आणि तिथूनच नेपल्सला जाणारी स्थानिक रेल्वे मिळते.

व्हॅनसाठीच्या थांब्याला फ्रान्समध्ये 'एर' आणि इटलीत 'आरेआ सोस्टा' म्हणतात. तिथे पाणी भरण्याची, सांडपाणी सोडण्याची आणि कॅसेट टॉयलेट रिकामे करण्याची सोय बहुधा असते. कॅम्पिंगमध्ये याशिवाय न्हाणीघरे, वीज आणि सावली मिळते. दोन-तीन रात्री एरवर काढल्यावर एक रात्र कॅम्पिंगमध्ये, हे प्रमाण आम्हाला मानवले आहे.

दोन_तिकिटे | १२ जानेवारी

मी सौम्य शब्दांत पण स्पष्ट विरोध नोंदवतो. आम्ही दोघांनी २०१९ मध्ये याच किनाऱ्यावर २० दिवस व्हॅनने काढले आणि त्यानंतर आम्ही रेल्वे व भाड्याची खोली हाच मार्ग धरला आहे. इटलीतील एका शहरात चुकीच्या वळणावरून आम्ही जुन्या भागात शिरलो. इटलीत अशा भागाला 'झेडटीएल' म्हणतात. परवानगी असलेल्या गाड्यांनाच आत प्रवेश असतो आणि कमानीवर फक्त एक फलक व एक कॅमेरा असतो. आम्हाला कोणी अडवले नाही, शिट्टी वाजली नाही. चार महिन्यांनी घरी दंडाची नोटीस आली. तोच भाग आम्ही तीन वेळा ओलांडला होता, म्हणून दंडही तीन वेळा होता, आणि भाड्याच्या कंपनीने आमचे नाव-पत्ता कळवल्याबद्दल प्रत्येक वेळचे वेगळे शुल्क आधीच कापून घेतले होते.

दंड भरला, त्याचे मला आता काही वाटत नाही. पण शहर कधी खुलते ते पाहा. जेनोवा, नेपल्स, बार्सिलोना ही शहरे संध्याकाळी आठनंतर जिवंत होतात. तळ पंधरा किलोमीटरवर असला की शेवटची गाडी चुकू नये म्हणून आपण नेमके त्याच वेळी घड्याळ पाहू लागतो. जुन्या शहराच्या पोटात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खालच्या चौकातले आवाज ऐकत झोपण्यात जे आहे ते कॅम्पिंगमध्ये मिळत नाही.

शिलालेख | १२ जानेवारी

दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि ते कोणते शहर निवडता त्यावर अवलंबून आहे. या किनाऱ्यावर दोन प्रकारची ऐतिहासिक शहरे आहेत. काहींचे बंदर चालू राहिले, म्हणून शहर वाढत गेले आणि जुने शहर नव्याच्या पोटात गेले. मार्सेय, जेनोवा, नेपल्स आणि बार्सिलोना ही अशी शहरे आहेत. बार्सिलोनात रोमन मंदिराचे चार खांब एका घराच्या अंगणात उभे आहेत. दारातून आत वाकून पाहिल्याशिवाय ते दिसत नाहीत. अशी शहरे पायी आणि मुक्काम करूनच पाहावीत. इथे दोन_तिकिटे यांचे म्हणणे मला मान्य आहे.

दुसऱ्या प्रकारात समुद्राने किंवा नदीच्या गाळाने ज्यांची साथ सोडली ती गावे येतात. तीन हजार वर्षांत इथे बंदर हेच नशीब होते. ते बुजले की शहर थांबले. रोमचे बंदर ओस्तिया तिबेर नदीच्या मुखाशी होते, आज समुद्र तिथून सुमारे तीन किलोमीटर दूर आहे. पिसा एके काळी आरमारी सत्ता होती, तिच्या बाबतीत हेच काम आर्नो नदीने केले. १९९८ मध्ये तिथे रेल्वेच्या कामासाठी खोदताना गाळात रुतलेली प्राचीन जहाजे सापडली. फ्रान्सचा राजा नववा लुई याने धर्मयुद्धांसाठी जिथून १२४८ आणि १२७० मध्ये प्रस्थान केले ते एग-मोर्त आज मिठागरांनी वेढलेले आहे. स्पेनमधले एम्पुरीज, फ्रान्समधले एग-मोर्त, रोमजवळचे ओस्तिया, नेपल्सच्या दक्षिणेचे पेस्तुम ही ठिकाणे छोटी, मोकळी आणि मोठ्या स्थानकांपासून दूर आहेत. तिथे स्वतःचे वाहन असणे ही चैन ठरत नाही, ती गरज असते. ताई, तुमच्या यादीत मोठी शहरेच आहेत. तिच्यात ही गावे मिसळा, म्हणजे व्हॅनला अर्थ येईल.

पळसपान | १२ जानेवारी

भारतीय परवाना चालतो का? आणि व्हिसा कोणत्या देशाचा घ्यायचा?

चाकोरीबाहेर | १३ जानेवारी

परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना बरोबर ठेवावा. त्याची मुदत एक वर्ष असते. साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलो एकूण वजनापर्यंतचीच व्हॅन चालवता येते आणि हे वजन माणसे, सामान व पाण्यासकट धरले जाते. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो तिथेच गेले, म्हणून लांबच्या टप्प्यावर टाकी अर्धीच भरावी. व्हिसासाठी ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा आणि दिवस समान असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. ४५ दिवस हे १८० दिवसांत ९० दिवसांच्या मर्यादेत बसतात.

दोन_तिकिटे यांना आलेला अनुभव अनेकांना येतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. मोबाइलवरचा नकाशा व्हॅनची उंची आणि प्रवेशबंदी लक्षात घेत नाही. मुक्कामाच्या जागेचा पत्ता न टाकता तिचे अक्षांश-रेखांश टाकावेत आणि शेवटचे दोन किलोमीटर आदल्या रात्री रस्त्याच्या छायाचित्रांवर स्वतः पाहून घ्यावेत. अनेक किनारी वाहनतळांवर दोन मीटर उंचीवर आडवी दांडी असते आणि व्हॅन अडीच ते तीन मीटर उंच असते. फ्रान्सच्या टोलनाक्यावर साडेतीन टनांपर्यंतच्या, दोन ते तीन मीटर उंचीच्या गाडीला दुसरा वर्ग लागतो. उंची तीन मीटरच्या वर गेली की तिसरा. छपरावर पेटी किंवा ताटली-अँटेना बसवलेली व्हॅन घेताना हे विचारून घ्यावे. स्पेनमध्ये तारागोनापासून फ्रान्सच्या सीमेपर्यंतच्या महामार्गावरचा टोल २०२१ मध्ये बंद झाला आहे, तो टप्पा निर्धास्त करा.

आणखी एक सांगतो. महामार्गावरच्या विश्रांतीथांब्यावर रात्री झोपू नये. मला कितीही कंटाळा आला असला तरी मी तिथून बाहेर पडून गावातल्या एरवर जातो.

मेतकूट | १३ जानेवारी

स्वयंपाकाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. व्हॅनमध्ये दोन शेगड्यांचा गॅस असतो. तीन लिटरचा कुकर, एक लोखंडी तवा आणि मिसळणाचा डबा एवढे घेतले की संसार मांडता येतो. इंडक्शन शेगडी नेऊ नका. कॅम्पिंगमध्ये अनेक ठिकाणी वीज ६ अँपिअरची मिळते, म्हणजे सुमारे १,३८० वॅट. शेगडी आणि पाणी तापवण्याची किटली एकदम लावली की खटका पडतो आणि तो वर करायला कार्यालयात जावे लागते. वीज जोडलेली नसेल तेव्हा भिंतीतले सॉकेट बहुधा चालत नाहीत, दिवे आणि पाण्याचा पंप मात्र वेगळ्या बॅटरीवर चालतात.

या किनाऱ्यावर तुम्हाला घरचे वाटेल असे एक खाणे सांगते. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचे पातळ पीठ रुंद तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. नीसला त्याला 'सोका' म्हणतात आणि जेनोवाला 'फारिनाता'. वरून मिरपूड घालतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. आपले बेसनाचे धिरडे भट्टीत गेले तर असेच होईल. पालेर्मोत याच पिठाच्या वड्या तळून पावात घालून देतात. मी जेनोवाच्या जुन्या दुकानात पहिल्यांदा परात भट्टीतून बाहेर येताना पाहिली तेव्हा वासानेच ओळखले.

पळसपान | १४ जानेवारी

मार्सेयबद्दल एक विनंती. आपण लहानपणापासून 'मार्सेलिसची उडी' ऐकत आलो ते हेच गाव. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या न्हाणीघराच्या खिडकीतून समुद्रात उडी मारली, पोहून धक्का गाठला आणि फ्रेंच शिपायाने पकडून त्यांना पुन्हा बोटीवरच्या इंग्रज पोलिसांच्या हवाली केले. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या माणसाला असे परत देता येते का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. ताईंनी तिथे जाऊन ती जागा पाहावी आणि आम्हाला सांगावे.

शिलालेख | १४ जानेवारी

पळसपान, एक सूचना करतो. पर्यटक ज्या जुन्या बंदरावर फिरतात ते नौकाविहाराच्या बोटींचे छोटे बंदर आहे. वाफेच्या मोठ्या जहाजांसाठी १९व्या शतकात त्याच्या उत्तरेला जोलिएतचे नवे धक्के बांधले गेले. ताईंनी दोन्हीकडे जावे, पण ती उडी मनात आणताना उत्तरेकडचे पाणी डोळ्यांसमोर ठेवावे. जुन्या बंदराजवळ मात्र १९६७ मध्ये व्यापारी संकुलाचा पाया खणताना ग्रीक-रोमन बंदराचा धक्का सापडला. तो आज बागेत उघडा ठेवला आहे आणि दगडी काठाच्या आत, जिथे पाणी होते तिथे, गवत आहे. मार्सेय इ.स.पू. ६००च्या सुमारास फोकाया येथील ग्रीकांनी वसवले. एम्पुरीजही मूळचे त्यांचेच.

आता आपल्या बाजूचा धागा सांगतो. पोंपेईत १९३८ मध्ये एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. ती इ.स. ७९च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडली गेली होती. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे अनेक अभ्यासकांनी यक्षी मानले. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत. तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातले तगर. पैठण आणि तगर येथून माल भडोचच्या बंदरात जात असे, असे पहिल्या शतकातला ग्रीक नाविक लिहून गेला आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली आणि ती टाउन हॉलमधील संग्रहालयात आहे. म्हणजे तिकडचा देव इकडे आला आणि इकडची यक्षी तिकडे गेली. माझा आग्रह आहे की नेपल्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयातील या मूर्तीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

पळसपान | १४ जानेवारी

मी कोल्हापूरचाच आहे. टाउन हॉलची बाग मला पाठ आहे आणि संग्रहालयात मी शेवटचा शाळेच्या सहलीत गेलो होतो. या रविवारी जातो.

दोन_तिकिटे | १५ जानेवारी

माझ्या विरोधाचे खरे कारण मी पहिल्या प्रतिसादात लिहिले नव्हते, ते आज लिहितो, कारण प्रश्न एका जोडप्याचा आहे. व्हॅनमध्ये दोन माणसे सहा मीटरांत राहतात. घरात मतभेद झाला तर एक जण गॅलरीत जातो, दुसरा देवळात. व्हॅनमध्ये पाऊस पडत असेल तर कोठेच जाता येत नाही. आमच्या प्रवासात गाडी मी चालवत होतो आणि नकाशा सौ. पाहत होत्या. प्रत्येक चुकलेल्या वळणाचा दोष आपोआप त्यांच्याकडे जात होता, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात परतल्यावर आली. तुम्ही व्हॅन घेणार असाल तर कामांची वाटणी आधी करा आणि दर तीन दिवसांनी ती बदला. ताईंनीही गाडी चालवावी. निदान रिकाम्या मैदानावर मागे घेण्याचा सराव दोघांनी करावा.

चाकोरीबाहेर | १५ जानेवारी

याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. त्यात एवढीच भर घालतो की व्हॅन मागे घेताना बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने हात वर केला की चालवणाऱ्याने थांबायचेच, कारण विचारायचे नाही.

मृगनक्षत्र | २ फेब्रुवारी

सर्वांचे प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र बसून दोनदा वाचले आणि यजमानांनी ते छापून फाईलमध्ये लावले आहेत. असे ठरले आहे की व्हॅन बार्सिलोनाजवळ घ्यायची आणि तिथेच परत करायची, कारण दुसऱ्या देशात सोडण्याचे शुल्क फार आहे. परतीला चिवितावेक्किया ते बार्सिलोना अशी बोट घेऊ. तिला सुमारे २० तास लागतात. मोठ्या शहरांपैकी बार्सिलोना, जेनोवा आणि नेपल्स येथे मात्र व्हॅन बाहेर तळावर ठेवून आम्ही दोन-दोन रात्री शहरातल्या खोलीत राहणार आहोत, म्हणजे दोन_तिकिटे यांचे म्हणणेही पाळले जाईल. नार्बन आणि नीसला एक-एक दिवस, बाकीचा सगळा वेळ शिलालेख यांच्या गावांना. मी शनिवारी मैदानावर गाडी मागे घेण्याचा सराव सुरू केला आहे.

मेतकूट | २ फेब्रुवारी

खोली घ्याल त्या दिवशी फ्रिजमधले दूध-दही संपवून जा. व्हॅन उन्हात उभी राहते.

मृगनक्षत्र | १४ जून

आम्ही १ जूनला सुखरूप परतलो. ज्यांच्यामुळे हा प्रवास उभा राहिला त्यांना सविस्तर सांगणे हे माझे कर्तव्य आहे, म्हणून लांबीबद्दल क्षमा न मागता लिहिते.

पहिले तीन दिवस कठीण गेले. व्हॅन ताब्यात घेताना कंपनीच्या माणसाने वीस मिनिटांत सगळे दाखवले आणि त्यातले निम्मे आम्ही विसरलो. दुसऱ्या रात्री पाण्याचा पंप बंद पडला. कंपनीला फोन लागेना, शेवटी शेजारच्या व्हॅनमधल्या फ्रेंच आजोबांनी येऊन फ्यूज बदलून दिला. उभी जागा सपाट नसेल तर फ्रिज नीट चालत नाही आणि झोपताना डोके खाली जाते, म्हणून चाकाखाली ठोकळे घालावे लागतात. मी जमिनीवर वाकून ठोकळा बरोबर बसला का ते पाहायचे आणि हात वर करायचा, यजमान थांबायचे. चौथ्या दिवसानंतर आम्हाला बोलावे लागले नाही. सहाव्या दिवसापासून एम्पुरीज ते नार्बन हा टप्पा मी चालवला.

एम्पुरीजला किनाऱ्यावर ग्रीकांच्या बंदराची दगडी भिंत आहे, ती आता अर्धी वाळूत आहे. तिच्या सावलीत लोक टॉवेल पसरून बसले होते आणि एक लहान मुलगा दोन दगडांच्या फटीत शिंपले ठेवत होता. इ.स.पू. २१८ मध्ये रोमन सैन्य स्पेनमध्ये पहिल्यांदा उतरले ते इथे, हे मी वर्गात किती वेळा सांगितले असेल! मी तिथे चपला काढून पाण्यात उभी राहिले. यजमानांनी छायाचित्र काढले नाही, त्यांनी फक्त माझ्या चपला धरून ठेवल्या.

एग-मोर्तला आम्ही दोन रात्रींसाठी गेलो आणि पाच रात्री राहिलो. तटाबाहेरच्या तळावर व्हॅन उभी केली की वेशीपर्यंत काही मिनिटांची चाल आहे. दिवसा गावात फार गर्दी असते, पण सहानंतर बसगाड्या निघून जातात आणि तटावर पाकोळ्या फिरू लागतात. मिठागरांचे पाणी गुलाबी दिसते, त्याला खाऱ्या पाण्यातले एक शैवाल कारण आहे. तिथल्या कॉन्स्तांस बुरुजात प्रोटेस्टंट स्त्रियांना धर्म सोडत नाहीत म्हणून डांबून ठेवले होते. मारी द्युरां १७३० मध्ये आत गेली आणि १७६८ मध्ये सुटली. वरच्या दालनाच्या मध्यभागी जमिनीत गोल भोक आहे, त्याच्या दगडी कठड्यावर 'प्रतिकार करा' अशा अर्थाचा फ्रेंच शब्द कोरलेला आहे आणि तो तिने कोरल्याचे मानले जाते. अक्षरे ओबडधोबड आणि उथळ आहेत, हाती मिळेल त्या वस्तूने घासून घासून काढल्यासारखी. मी काही वेळ तिथे बसून राहिले. बॅगा बांधून गाडी पकडायची असती तर पाच मिनिटांत निघालो असतो.

मिस्त्राल वाऱ्याबद्दल मी पुस्तकात वाचले होते, पण अंगावर घेतला तो मार्सेयच्या वाटेवर. रोन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येतो आणि व्हॅनच्या उंच बाजूवर भिंतीसारखा आदळतो. ताशी साठच्या वर गेलोच नाही. संध्याकाळी वारा पडेपर्यंत एका गावात थांबलो.

पळसपान, मी दोन्ही ठिकाणी गेले. जुन्या बंदराशी मासेविक्रेत्या बायका सकाळी मासळी मांडतात, तिथे गर्दी आणि आनंद आहे. जोलिएतच्या बाजूला मोठ्या बोटींचे धक्के आहेत आणि कुंपणामुळे पाण्यापर्यंत जाता येत नाही. वरच्या रस्त्यावरून खालचे पाणी दिसते. आम्ही दोघे तिथे काही न बोलता उभे राहिलो. मला फक्त अंतर पाहायचे होते. माणूस एवढ्या पाण्यातून पोहून आला आणि काठावर आल्यावर त्याचे कोणी ऐकले नाही, हे तिथे उभे राहिल्यावर वेगळ्या तऱ्हेने कळते.

मेतकूट, तुमचे फारिनाता जेनोवात तीन वेळा खाल्ले. यजमानांनी खिशातली लसणाची चटणी काढली तेव्हा दुकानदार बाईंनी ती मागून घेऊन चाखली आणि आणखी एक तुकडा आमच्या ताटात टाकला.

शिलालेख | १४ जून

आणि नेपल्स?

मृगनक्षत्र | १५ जून

ते वेगळे लिहायचे म्हणून ठेवले होते. पोंपेईला आता दिवसाला २० हजार लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असते, म्हणून ते आधी काढले होते. दुसऱ्या दिवशी रेल्वेने नेपल्सच्या संग्रहालयात गेलो. मूर्ती मला वाटली होती त्यापेक्षा लहान आहे, वितीपेक्षा थोडीशीच उंच. हातभर बांगड्या, पायांत गुडघ्यांकडे चढत गेलेले तोडे, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दोन छोट्या सख्या. डोक्यात वरून पाडलेले भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी असे म्हणतात. काचेच्या बाजूने वाकून पाहिले तर पाठीवरची वेणी दिसते. तिथल्या संगमरवरी देवता केस कपाळावर बांधतात. ही एकटीच पाठीवर वेणी सोडून उभी आहे. मला तेव्हा माझी आजी आठवली, एवढेच सांगते.

पेस्तुम हे मूळचे पोसायडोनिया, म्हणजे पोसायडनचे गाव. तिथली तिन्ही ग्रीक मंदिरे गवतात उभी आहेत आणि आमचे कॅम्पिंग समुद्राकाठी, मंदिरांपासून सायकलीच्या अंतरावर होते. पळसपान, तुमच्या टाउन हॉलमधल्या पाहुण्याचे गाव मी पाहून आले.

पळसपान | १५ जून

मी जानेवारीत जाऊन त्याला पाहिले, ताई. मुलीलाही दाखवले. आता तेरला जायचे ठरते आहे, कोणी येणार असेल तर सांगा.

दोन_तिकिटे | १६ जून

मनापासून आनंद झाला. मूळ प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडूनच ऐकायचे आहे. मेळ बसला का?

मृगनक्षत्र | १६ जून

आम्ही एकंदर ४४ रात्री बाहेर होतो. त्यांपैकी सहा शहरातल्या खोल्यांत, एक बोटीवर आणि ३७ व्हॅनमध्ये. नेपल्सच्या खोलीतल्या दोन रात्री मला फार आवडल्या; तुम्ही लिहिलेला चौकातला आवाज मी ऐकला, रात्री एक वाजता कोणीतरी खिडकीतून टोपली खाली सोडत होते. मोठ्या शहरांसाठी तुमचाच मार्ग योग्य आहे, आणि आम्ही पुन्हा जेनोवाला गेलो तर खोलीच घेऊ. पण एग-मोर्तच्या जादा तीन रात्री व्हॅनशिवाय मिळाल्या नसत्या. पुढच्या वर्षी स्प्लिट ते दुब्रोव्हनिक हा किनारा करायचा विचार आहे आणि क्रोएशियात कॅम्पिंगबाहेर रात्री राहण्यास बंदी आहे असे वाचले. चाकोरीबाहेर, तिथे बोरा वारा सुटला की महामार्गाचे काही भाग व्हॅनसाठी बंद करतात म्हणे. मे महिन्यात त्याचा त्रास कितपत होतो?

चाकोरीबाहेर | १७ जून

बोराचा जोर हिवाळ्यात जास्त असतो, पण मेमध्येही एखादा दिवस येतो. वेलेबित डोंगराच्या दक्षिणेला, स्वेती रोक ते पोसेदार्ये या भागात महामार्ग बंद होतो. त्याच्या आधीच्या गावात एक दिवस हाताशी ठेवा. दुब्रोव्हनिकला जाताना पूर्वी बोस्नियाच्या हद्दीतून जावे लागे. २०२२ मध्ये पेलेशात्सचा पूल खुला झाल्यापासून ती सीमा ओलांडावी लागत नाही. तट पाहायला सकाळी दार उघडताच जा आणि नवीन धागा काढा, तिथे सगळे लिहितो.